मदत हवी आहे: ओळखीच्या माणसाला न दुखावता मॅडमचा वेळ कसा राखायचा?

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत मी प्लांट हेड मॅडमची स्वीय सहाय्यक आहे. सव्वा वर्ष झालं.

कॅलेंडर बऱ्यापैकी आवरलंय. गूगल कॅलेंडरमध्ये ‘स्पीडी मीटिंग्ज’ सुरू केल्यापासून मी टाकलेली अर्ध्या तासाची मीटिंग २५ मिनिटांचीच धरली जाते. प्रवासही वेगळा लिहिते. २०२३ मध्ये मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून तर ते लागतंच. दाभोळीचा विमानतळ इथून जवळ, मोपाचा पार पेडण्यात. तिकीट कुठलं ते बघितल्याशिवाय मी त्या दिवशीची कुठलीच वेळ कोणाला देत नाही. सह्यांचे कागद दिवसातून दोनदाच आत नेते.

अडतंय ते दाराशी. सकाळी १० ते १२ मॅडमना अहवाल वाचायला ठेवलेत, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी येतं. गोवा केवढासा, सगळेच ओळखीचे: कोणी गावचे, कोणी देवस्थान समितीचे. "मातशें उलोवपाचें आसा, पांच मिनटां" (थोडं बोलायचं आहे, पाच मिनिटं). मी "मॅडम कामात आहेत" म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो, आणि तेवढ्यात आतून मॅडमच म्हणतात, "येऊ दे गं." गेल्या मंगळवारी असे तिघे आले. ऑडिटच्या उत्तराचा मसुदा राहिला, मॅडम रात्री नऊपर्यंत तो वाचत बसल्या. मला फार लागलं ते. त्यांचा वेळ राखणं हेच तर माझं काम.

आलेल्यांशी नेमकं काय बोलायचं? आणि मॅडमना कसं सांगायचं?

प्रतिसाद १
पंधरा वर्षं हेच काम केलंय, म्हणून सांगते. "कामात आहेत" म्हणू नकोस, माणसाला परत पाठवल्यासारखं वाटतं. बसव, पाणी दे, काम विचार. पत्रिका, देणगीची पावती, कोणाच्या तरी मुलाचा बायोडेटा, हे सगळं तूच घेऊ शकतेस. बाकीच्यांना तिथल्या तिथे वेळ दे: "साडेचारला चहालाच या." मॅडमकडे तक्रार नको. दोन आठवडे वही ठेव, कोण आलं, कशासाठी, किती मिनिटं, आणि ती त्यांना दाखव. कधीही आत सोडायची चार-पाच नावं त्यांच्याकडूनच लिहून घे.

धागाकर्ती
वही आजपासूनच. पण समितीचे अध्यक्ष वयाने मोठे आहेत, त्यांनाही साडेचार सांगू?

प्रतिसाद १
नाही. त्यांना स्वतः आत घेऊन जा, आणि दहा मिनिटांनी तो मसुदा हातात घेऊन दारात उभी राहा.