मदत हवी आहे: पिकअपचं भाडं नेमकं कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी. मी दहिसरला राहतो. दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड बोलेरो पिकअप घेतली. कपाट, फ्रिज, सोफा असं मोठं सामान पोहोचवतो. कामं मिळतात, पण भाडं सांगताना दरवेळी चुकतो.

परवाचंच घ्या. गिरगावच्या चाळीतून सागवानी कपाट बोरिवलीला आणायचं होतं. फोनवर 2000 सांगून मोकळा झालो. तिथे गेलो तर तिसरा मजला, लाकडी जिना अरुंद आणि वळणावर कपाट अडकलं. शेवटी दारं काढली, बिजागऱ्यांचे स्क्रू रुमालात बांधले आणि गॅलरीतून दोरानं खाली सोडलं. फक्त उतरवायलाच दोन तास गेले. दोन हमालांचे 1200, जाऊन-येऊन 70 किमीचं डिझेल साधारण 540. हातात उरले 260, आणि अख्खा दिवस गेला. गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, टायरची झीज तर यात धरलेलीच नाही.

किलोमीटरवर भाडं लावलं तर मुंबईत परवडत नाही, खरा वेळ ट्रॅफिकमध्ये आणि जिन्यावर जातो. म्हणून पहिल्या दोन तासांचे ठरावीक पैसे, पुढे तासाप्रमाणे, हमाली आणि मजल्याचे वेगळे, असं करावं म्हणतो. गिऱ्हाईकाला हे पटतं का? रिकाम्या परतीचं डिझेल तुम्ही पूर्ण लावता की अर्धं? आणि वाटेत काच फुटली, ओरखडा आला तर भरपाईचं आधी काय बोलून ठेवता?

या धंद्यात मुरलेल्यांनी कृपया आपला हिशेब सांगा. रविवारी परळहून डबलबेड आणायचाय, त्याआधी दर पक्का करायचा आहे.