पर्णरंध्र की त्वग्रंध्र? पानाच्या छेदातले शब्द

(नागपुरातल्या तिघांचं बोलणं; नावांऐवजी त्यांच्या भागांची नावं.)

धरमपेठ: संत्र्याच्या पानाच्या आडव्या छेदाची आकृती मराठीत करते आहे. पानावरच्या सूक्ष्म छिद्राला (स्टोमा) शाळेच्या पुस्तकात ‘पर्णरंध्र’, विश्वकोशात ‘त्वग्रंध्र’. कोणता शब्द घ्यावा? आणि पाणी वाहून नेणाऱ्या झायलेमला जलवाहिनी म्हणावं की प्रकाष्ठ?

महाल: ताई, त्वक् + रंध्र = त्वग्रंध्र, म्हणजे त्वचेतलं रंध्र. ही रंध्रं कोवळ्या हिरव्या खोडावरही असतात, म्हणून हा शब्द जास्त व्यापक. तुमची आकृती पानाचीच आहे, तेव्हा ‘पर्णरंध्र’ बिनधास्त लिहा. बाण मात्र मधल्या फटीवर रोखा. दोन्ही बाजूंच्या पेशी म्हणजे ‘रक्षक पेशी’, त्यांना वेगळा बाण हवा. संत्र्यात जवळजवळ सगळी रंध्रं पानाच्या खालच्या अंगाला असतात. वरच्या अंगाला काढली तर आकृतीच चुकली.

काटोल रोड: ‘जलवाहिनी’ मुलांना लगेच कळतो, पण त्यातून एकच नळी डोळ्यांपुढे येते. झायलेममध्ये नळ्यांबरोबर तंतू आणि मृदू पेशीही असतात. संपूर्ण ऊतीला (पेशीसमूहाला) ‘प्रकाष्ठ’ नेमका. त्याचा जोडीदार ‘परिकाष्ठ’ (फ्लोएम, अन्नरस वाहणारी ऊती) मला पानाच्या बाबतीत खटकतो. ‘परि’ म्हणजे सभोवती. खोडात ते काष्ठाच्या बाहेरच असतं, पण पानाच्या शिरेत प्रकाष्ठ वर आणि परिकाष्ठ खाली. इथे ‘रसवाहिनी’ बरा.

हा वर-खालीचा क्रम छेद तपासायलाही उपयोगी पडतो. सॅफ्रॅनिन या रंगद्रव्याने लाल झालेलं प्रकाष्ठ खालच्या अंगाला दिसलं, तर छेद काचपट्टीवर उलटा पडला आहे.

धरमपेठ: आणि अपित्वचा, उपत्वचा?

महाल: इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो, शब्द इतके सारखे! अपित्वचा हा पेशींचा थर. उपत्वचा म्हणजे त्यावरचा मेणचट लेप, त्यात पेशी नसतात. ग्रीक ‘एपि’ आणि संस्कृत ‘अपि’ हे सगोत्र शब्द, त्यामुळे एपिडर्मिसला अपित्वचा, असं लक्षात ठेवा.

संत्र्याच्या नवतीवर (कोवळ्या पालवीवर) नागअळीची चंदेरी वेडीवाकडी रेघ दिसते, तिथे हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. अळी अपित्वचेतल्या पेशी खाते, वर उपत्वचेचा पातळ पापुद्रा उरतो आणि खाली हवा शिरते; म्हणून ती रेघ चमकते. त्याच पापुद्र्याआड अळी लपलेली असल्याने नुसतं वरून पडणारं स्पर्शजन्य औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.

काटोल रोड: रंध्रं दाखवायची असतील तर छेदापेक्षा ठसा सोपा. कोरड्या, स्वच्छ पानाच्या खालच्या अंगाला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्या. पूर्ण वाळल्यावर पारदर्शक चिकटपट्टीने उचला आणि काचपट्टीवर लावा. ओला असताना उचलला तर फाटतो, जाड दिला तर कडा पुसट येतात. लवदार पानावर ठसा नीट उमटत नाही. शिवाय हा नुसता साचा असतो, त्यात हरितलवकं (पेशीतले हिरवे कण) दिसणार नाहीत. त्यासाठी रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल सोलून पाण्याच्या थेंबात पाहा: जांभळ्या पेशींच्या मधोमध रक्षक पेशींची हिरवी जोडी स्पष्ट दिसते.

धरमपेठ: मग पर्णरंध्र, प्रकाष्ठ, रसवाहिनी, अपित्वचा असंच ठेवते, उपत्वचेला वेगळ्या रंगाची रेघ देते.