सिडकोतल्या वाचनालयाची जागा मोजून गेलेत, आता काय करायचं?

पवननगरची वाचक
नाशिकच्या सिडकोत, पवननगरजवळ समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर आमचं वाचनालय आहे. दोन खोल्या, १४ कपाटं, खिडकीपाशी पेपरचं टेबल. जागा महापालिकेची, वाचनालय संस्थेचं. सध्या मिळकतींची तपासणी चालू आहे. मंगळवारी दोघे जण टेप लावून खोल्या मोजून गेले, करारनामा मागितला. तो २००६ सालीच संपलाय, पुढचं नूतनीकरण आमच्याकडूनच राहिलं.

मी पदाधिकारी नाही. ११ वर्षं संध्याकाळची पुस्तकांची देवघेव सांभाळते. अंबड एमआयडीसीत पहिली पाळी करून एक काका रोज साडेचारला येतात, डबा टेबलाखाली सरकवतात आणि कादंबरी उघडतात. घरी आठ माणसं, दीड खोली. टिळकपथावर १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, मलाही ते फार प्रिय आहे. पण गुडघे दुखणाऱ्या आजींनी दिवाळी अंक बदलायला सिडकोतून तिथवर जायचं? आणि भाडं बाजारभावाने लागलं तर महिना ५० रुपये वर्गणीतून ते कसं भरणार? कुणी यातून गेलंय का?

निवृत्त ग्रंथपाल
ताई, महापालिका अधिनियमाचं कलम ७९ वाचून ठेवा. जागा देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा, असं त्यात आहे. सार्वजनिक वाचनालयं कलम ६६ मध्ये येतात, म्हणजे ऐच्छिक कामांत. म्हणून अर्जात हक्काची भाषा नको, उपयोग दाखवा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालची मान्यता, अ-ब-क-ड पैकी तुमचा वर्ग, अनुदानाची पत्रं, देवघेव रजिस्टरच्या प्रती, सगळं जोडा. करार संपल्याचं स्वतःहून लिहा, लपवू नका. मिळकत विभागात अर्ज देऊन पोच घ्या आणि एक प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना द्या.

खिडकीजवळची खुर्ची
रजिस्टरवर भिस्त ठेवू नका. अशाच एका खोलीत बसून मी दोन वर्षं पोलीस भरतीचा अभ्यास केला. पुस्तक एकदाही घरी नेलं नाही, त्यामुळे तिथल्या कुठल्याच वहीत माझं नाव नाही. बसणाऱ्यांची नोंद ठेवा.

गंगापूर रोड
जागा गेलीच तर पेट्यांचा विचार करा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम आपल्या नाशिकमधूनच सुरू झाला. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटात फिरते, भाड्याचा प्रश्नच येत नाही.

पवननगरची वाचक
पेटी आजींना नक्की चालेल, त्यांच्या गल्लीत विचारते. काकांना मात्र पुस्तकाइतकीच टेबलाची गरज आहे, म्हणून जागेसाठी अर्ज करणारच. ग्रंथपाल सर, मान्यतेचं पत्र सापडलं, वर्ग ‘ड’. अध्यक्षांची सही उद्या घेते.

आणि खुर्चीवाले दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. अकरा वर्षांत मी फक्त नेलेली पुस्तकं मोजली. आज २०० पानी वही आणली. पहिली सही काकांची, वेळ ४.३५. आठ वाजेपर्यंत २७ सह्या झाल्या, त्यातल्या १९ जणांनी पुस्तक नेलं नव्हतं.