गरीब माणूस विमा कशामुळे घेतो?

किसननगर, ठाणे:
आमच्या बचत गटातल्या बायका पंतप्रधान सुरक्षा विमा, म्हणजे सरकारी योजनेतला अपघात विमा, घ्यायला वर्षानुवर्षं तयार नव्हत्या. 2022 पर्यंत वर्षाला 12 रुपये होते तेव्हाही नाही, 20 झाले तेव्हाही नाही. मग एकीचा नवरा सळया उतरवताना गेला आणि तिच्या खात्यात दोन लाख जमा झाले. पुढच्या बैठकीला बायका आधार आणि पासबुक घेऊनच आल्या. माझं ठाम मत आहे, जाहिरातीनं कोणी विमा घेत नाही. ओळखीच्या घरात पैसे आलेले दिसले की घेतात. आंध्र आणि गुजरातमधल्या पर्जन्य विम्याच्या अभ्यासातही विश्वासातल्या माणसानं शब्द टाकल्यावर खरेदी वाढलेली दिसली.

तुर्भे:
त्याच अभ्यासात हातात रोकड आल्यावरही खरेदी वाढली होती, ते का सोडता? एपीएमसीच्या घाऊक बाजारात हमाली करणाऱ्यांना विमा नको असतो असं नाही. जीवनज्योती या सरकारी आयुर्विम्याचे वर्षाचे 436 रुपये मे अखेरीस बँक खात्यातून कापले जातात. नेमकी तेव्हाच पोरांची वह्या-पुस्तकं, गावाकडची पेरणी, छपरावरची ताडपत्री. खात्यात पैसे नसले की विमा बंद. नंतर पुन्हा सुरू केला तर पहिले 30 दिवस अपघात सोडून कुठल्याही मृत्यूला भरपाई नाही.

दिघा:
आणि कर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा? गटकर्जातून हप्ता आधीच कापतात. बाई गेली तर त्यातून आधी उरलेलं कर्ज फिटतं. तिला विचारलंच नाही, तर तिनं विमा घेतला असं कसं म्हणायचं?

किसननगर, ठाणे:
तो विमा मी धरतच नाही. पण तुर्भेकर, 20 रुपये कुणाला जड होते? याच बायका भिशीत महिन्याला 500 भरतात, कारण भिशी चालवणारी कुठे राहते ते माहीत असतं.

तुर्भे:
भिशीचा पैसा परत येतो, विम्याचा येत नाही. दर पावसाळ्यात उसनवारी करणाऱ्याला हा फरक पुरता कळतो. हप्ता महिन्याच्या पगारातून थोडा थोडा घ्या, मग बघा किती जण नाही म्हणतात.

किसननगर, ठाणे:
हप्ता सोपा करा, हवाच आहे. पण दाव्याच्या वेळी एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, वारसाची कागदपत्रं कोण गोळा करणार? आमच्या गटाच्या अध्यक्षा त्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात आणि बँकेत फिरल्या, म्हणून पैसे आले. असं माणूस प्रत्येक वस्तीत नेमा, हप्त्याची तारीख मग ठरवू.