प्रतिसाद: हात चांगला असणे पुरेसे आहे का?

‘रेखाटनावर हुकमत नसेल तर गेम ॲनिमेशनच्या वाटेला जाऊ नये’ हे वरचे मत मला अर्धेच पटते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) हा राजपुत्र नायक असलेला संगणकीय गेम करणारे जॉर्डन मेकनर मुळात प्रोग्रामर होते. आपल्या रेखाटनावर विसंबून न राहता त्यांनी धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला आणि उड्या मारायला लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि त्यातील एकेक चौकट (फ्रेम) गिरवून राजपुत्राच्या हालचाली तयार केल्या.

या चौकटींनी ॲपल टू संगणकाची तुटपुंजी मेमरी इतकी व्यापली, की दुसऱ्या पात्राच्या स्वतंत्र चित्रांसाठी जागाच उरली नाही. तेव्हा राजपुत्राच्याच चित्रांवर प्रक्रिया करून त्यांनी आरशातून बाहेर उडी घेणारा त्याचा सावलीसारखा प्रतिस्पर्धी उभा केला. (तो प्रसंग आजही लक्षात राहतो, हा भाग वेगळा.) शिवाय चित्रपटातील पात्र उडीपूर्वी निवांत वाकू शकते, गेममध्ये मात्र बटण दाबताच प्रतिसाद हवा असल्यामुळे तीच पूर्वतयारी मोजक्या चौकटींत उरकावी लागते. पोर्टफोलिओत (कामाच्या नमुन्यांच्या संचात) केवळ सुंदर स्थिरचित्रे ठेवणाऱ्या उमेदवाराचे, हालचाल अशा मर्यादांत बसवण्याचे कौशल्य त्यातून दिसतच नाही.