मदत हवी आहे : डिशवॉशर बसवायला नेमकं कोणाला बोलवावं?

पुण्यात धायरीत टॉप फ्लोअरवर फ्लॅट आहे. १४ प्लेस सेटिंगचा (१४ जणांची ताटं-वाट्या मावतील असा) डिशवॉशर घेतलाय, पण अजून खोक्यातच आहे. कंपनीचा माणूस फक्त पाइप जोडून डेमो देतो. पाऊण इंची नळ, ड्रेन आणि १६ अँपिअरचा सॉकेट आधी तयार हवा म्हणतो. सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगसकट करून घेतलाय. अडलंय ते प्लंबिंगपाशी.

सोसायटीचा प्लंबर ड्रेनचा पाइप सरळ खाली जाळीत सोडू म्हणतो. मॅन्युअलमध्ये मात्र त्याचं टोक जमिनीपासून ४० ते १०० सेंमी उंच हवं असं आहे, नाहीतर मशीनमधलं पाणी आपोआप ओढलं जातं. दुसऱ्या प्लंबरने सिंकखालच्या बॉटल ट्रॅपला (वास अडवणारा बाटलीसारखा भाग) जोडून देतो म्हटलं, पण त्याने आधी डिशवॉशर बसवलेला नाही.

त्यात पाण्याला जोर नाही. टाकी आमच्या डोक्यावरच, जेमतेम तीन मीटर, म्हणजे दाब ०.३ बारच्या आसपास. मशीनला किमान ०.५ बार लागतो. पाणी टँकर-बोअरचं, जड आहे; ते मऊ करायला मशीनमध्ये घालायचं डिशवॉशरचं मीठ आणून ठेवलंय.

फ्लॅट भाड्याचा आहे, त्यामुळे ओटा किंवा टाइल्स फोडता येणार नाहीत. सिंक ते मशीन अंतर चार फूट.

धायरी-सिंहगड रोड भागात हे काम आधी केलेला प्लंबर कोणी सुचवेल का? साधारण मजुरी किती घेतात? आणि टॉप फ्लोअरवाल्यांनो, छोटा प्रेशर पंप फक्त मशीनच्या लाइनवर बसवून चालतो का?