पिकलहाउब घ्यावं का? (जुनी जर्मन हेल्मेटं, सैनिकांच्या वस्तू)

नेकरकाठचा:
नमस्कार मंडळी. मी श्टुटगार्टजवळ राहतो, नोकरी आयटीतली, आणि हल्ली डोक्यात नवीन किडा शिरलाय तो जुन्या जर्मन लष्करी वस्तूंचा. इथल्या एका फ्लोमार्क्टला (आपला जुना बाजार समजा) एका आजोबांकडे ते टोकवालं कातडी हेल्मेट आहे, पिकलहाउब. पुढे वुर्टेम्बर्गचं (श्टुटगार्ट भागातलं जुनं राज्य) चिन्ह, हरीण आणि सिंह, खाली पट्टीवर 'फुर्श्टलोस उंड ट्रेव' म्हणजे निर्भय आणि एकनिष्ठ. काळं कुळकुळीत, पितळ चमकतंय, एकदम टकाटक. ४५० युरो म्हणतो, ४०० ला देईल असा अंदाज. पहिल्या महायुद्धातलं, त्याच्या आजोबांचं आहे म्हणे. बायकोचं म्हणणं त्या पैशात गावाला जायच्या तिकिटाला हातभार लागेल, तिचं चूक नाही.
तर ओरिजिनल कसं ओळखायचं, भाव बरोबर आहे का, आणि पुढेमागे पुण्याला न्यायचं झालं तर काही लफडं? शिवाय दुसऱ्या महायुद्धातली लोखंडी हेल्मेटं पण असतात तिथे, काहींवर चिकटपट्टी लावलेली असते, ते काय प्रकरण आहे? फोटो अपलोड होत नाहीयेत, काय हवं ते विचारा.

चामडंपितळ:
थांबा, पैसे देऊ नका अजून. आधी एक सांगा, डोक्यात घालून बघितलंत का आणि आरामात बसलं का? बसलं असेल तर संशय घ्या, कारण खरी पिकलहाउबं बहुतेक लहान मापाची असतात, आणि आज जी नवी बनतात ती घालून मिरवणाऱ्या लोकांसाठी बनतात म्हणून ऐसपैस असतात. आणि बनतात कुठे माहितीये का, आपल्याकडेच, रुडकी-देहरादून बाजूला हा मोठा एक्स्पोर्टचा धंदा आहे, चिलखतं, जहाजाच्या दुर्बिणी, पिकलहाउब, सगळं. त्यात वाईट काही नाही, नाटकवाले आणि जुन्या लढायांचे प्रयोग करणारे घेतात, पण तिथून निघालेला माल युरोपात दोनचार हात फिरला की 'आजोबांचं' होतो. तुम्ही भारतातून जर्मनीला गेलात आणि तिथून रुडकीचं हेल्मेट घेऊन पुण्याला आलात तर वहिनी आयुष्यभर ऐकवतील.
आता बघायचं काय. खरं हेल्मेट उकळून कडक केलेल्या चामड्याचं, वरून काळं लॅकर. शंभर वर्षांत त्या लॅकरला बारीक तडे जातात, शिवण थोडी उसवते, चामडं आक्रसतं, पुढची कड वेडीवाकडी होते. टकाटक असणं हेच मुळात वाईट लक्षण. उलटं करा. युद्धाच्या आधीच्या शिपाई हेल्मेटात पुढच्या छज्जाची आतली बाजू हिरवी आणि मागच्याची लाल रंगवलेली असते. मागच्या छज्जाच्या आत शिक्के बघा, वुर्टेम्बर्गचं असेल तर 'बी. ए. तेरा' (तेरा रोमन आकड्यात), म्हणजे तेराव्या कोअरचं (सैन्याची मोठी तुकडी) कपडे-गोदाम, शेजारी वर्ष आणि कधी रेजिमेंटचा नंबर. मग पुढचं पितळी चिन्ह आतून कसं धरलंय ते बघा, शिपायाच्या हेल्मेटात पितळी कड्या चामड्यातून आत येतात आणि त्यात चामड्याची पाचर मारलेली असते. चकचकीत नट-बोल्ट दिसले तर एक तर ऑफिसरचं आहे नाही तर नवीन आहे, आणि ४५० युरोत ऑफिसरचं कोणी देत नाही.
आणि सगळ्यात सोपी खूण, कानाजवळचे गोल बिल्ले म्हणजे कोकार्डं. १८९७ पासून उजवीकडे साम्राज्याचं काळं-पांढरं-लाल आणि डावीकडे ज्या त्या राज्याचं. प्रशिया काळं-पांढरं-काळं, बव्हेरिया पांढरं-निळं-पांढरं, सॅक्सनी पांढरं-हिरवं-पांढरं, बाडेन पिवळं-लाल-पिवळं, आणि तुमचं वुर्टेम्बर्ग काळं-लाल-काळं. तुमच्यावालं डावीकडे काय रंगाचं आहे ते बघून या. भावाचं त्यानंतर बोलू.

नेकरकाठचा:
बाप रे, एवढं सगळं! डोक्यात घातलं होतं, छान बसलं 🙈 शनिवारी जातो परत आणि बघतो. तोवर एक शंका, टोक होतंच कशाला? तलवारीचा वार निसटावा म्हणून का?

चामडंपितळ:
तसं सांगतात खरं. प्रशियात हे १८४२ ला आलं, चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्म राजाच्या वेळी, आणि तेव्हा घोडदळाचा वार ही खरीखुरी भीती होती. पण खरं सांगायचं तर रुबाब हा मोठा भाग. तोफखान्याला टोकाऐवजी गोळा असायचा, त्यामुळे गोळेवालं दिसलं तर 'तुटलंय' म्हणून सोडून देऊ नका. १९१४ ला मात्र या रुबाबाचा बोजवारा उडाला. वरून कापडी खोळ घालायचे पितळ झाकायला, त्यावर रेजिमेंटचा आकडा, आधी लाल आणि लाल लांबून दिसतो म्हणून नंतर हिरवा. तरी खंदकातून टोक वर दिसायचंच, म्हणून १९१५ च्या मॉडेलला टोक काढता येईल असं केलं आणि पितळ जाऊन करडा पत्रा आला. त्यात नाकेबंदीमुळे दक्षिण अमेरिकेतून येणारं चामडं बंद, मग नमद्याची, पत्र्याची, मिळेल त्याची हेल्मेटं केली. ही 'एरझात्स' (म्हणजे बदली मालाची) हेल्मेटं दिसायला गरीब पण मला स्वतःला तीच जास्त आवडतात, युद्ध कसं चाललं होतं ते त्यांच्याकडे बघून कळतं. बव्हेरियन ऑफिसरचं सोनेरी हेल्मेट काय, कपाटात शोभतं फक्त.

खंदकमास्तर:
वरच्यांनी कातडं सांगितलं, मी लोखंड सांगतो. कातडी हेल्मेट तोफेच्या कपच्यांपुढे अगदीच कुचकामी. आउगुस्ट बिअर नावाच्या सर्जनच्या लक्षात आलं की डोक्याच्या कितीतरी जखमा अगदी बारीक कपच्यांच्या आहेत, म्हणजे थोडं पोलाद मध्ये असतं तर माणूस वाचला असता. मग हॅनोवरच्या टेक्निकल कॉलेजातल्या फ्रीडरिश श्वेर्ड यांनी श्टालहेल्म म्हणजे पोलादी हेल्मेट बनवलं आणि १९१६ ला फ्रान्समधल्या व्हर्दांच्या लढाईत ते आघाडीवर दिसायला लागलं. त्याच्या दोन्ही बाजूंना शिंगं असतात ती शोभेची नाहीत, त्यातून हवा जाते आणि कपाळावर जादा जाड पोलादी पत्रा अडकवायचा झाला तर त्याला आधार. तो पत्रा घातला की वजन इतकं व्हायचं की पहारेकरी सोडून कोणी घालत नसे.
दुसऱ्या महायुद्धातल्यांचं साधारण असं की १९३५ च्या मॉडेलला हवेच्या भोकात वेगळी रिंग बसवलेली, १९४० ला ते भोक पत्र्यातच ठोकून काढलं, आणि १९४२ ला कड आत वळवायचं पण सोडून दिलं, कड नुसती बाहेर कापलेली. पैसा आणि वेळ वाचवत गेले तसं हेल्मेट बदलत गेलं. हे पाठ केलंत की निम्मी फसवणूक तिथेच कळते. उदाहरणार्थ लष्कराच्या हेल्मेटावरची काळी-पांढरी-लाल ढाल १९४० ला बंद झाली, मग १९४२ च्या मॉडेलवर गरुड आणि ढाल दोन्ही कुठून येतील? पण असली हेल्मेटं दर बाजारात असतात आणि विकली पण जातात. एसएसचा (नाझी पक्षाची खास फौज) छाप दिसला तर सरळ पुढे चालू लागा, या छंदात सगळ्यात जास्त बनावट काय होत असेल तर ते. साध्या हेल्मेटावर नवा छाप मारला की किंमत कुठल्या कुठे जाते.
चिकटपट्टीचं उत्तर, तिच्याखाली स्वस्तिक आहे. म्हणजे त्यांचं हाकनक्रॉइत्स, आपलं देवघरातलं नव्हे. जर्मन दंडसंहितेच्या ८६ अ कलमाखाली ते चिन्ह जाहीर दाखवणं गुन्हा आहे, शिक्षण-संशोधन-इतिहास अशांना सूट आहे. घरात कपाटात ठेवणं वेगळं आणि बाजारात मांडणं वेगळं, म्हणून पट्टी. तुम्ही घेतलंत तर कृपा करून फेसबुकवर टाकू नका, तिकडे राहताय तुम्ही, व्हिसावर आहात.

अमोल_सातारा:
मी नुसताच वाचत असतो इथे पण आज राहवलं नाही. आमच्या घरात यातलं एक आहे. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, इटलीत होते, ३/५ बटालियन, म्हणजे यशवंत घाडगेंना जुलै १९४४ च्या टायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तीच. आजोबा लढाईबद्दल कधी काही बोलले नाहीत, फक्त थंडी आणि तिथली द्राक्षं एवढंच. ट्रंकेतून ते जर्मन हेल्मेट आणलं होतं. आजी त्यात भुईमुगाच्या शेंगा मोजायची, आणि नंतर काकांनी गणपतीच्या देखाव्याला कारगिलसाठी त्याला चंदेरी ऑइलपेंट मारला!! आत चामडं नाही, गेलं कधीच. हवेचं भोक पत्र्यातच आहे रिंग नाही, कड आत वळलेली. डावीकडे आत 'ईटी ६४' असं ठोकलंय, मागे एक आकडा, आणि मागच्या आतल्या कडेला पांढऱ्या रंगात पुसट नावासारखं काहीतरी. चंदेरी रंग काढून टाकू का? थिनर आणून ठेवलाय.

खंदकमास्तर:
अमोलदादा थिनरची बाटली बंद करा आणि लांब ठेवा!! आधी तेवढं करा मग पुढचं वाचा.
तुमचं १९४० चं मॉडेल आहे. ईटी म्हणजे हार्त्स डोंगराजवळच्या थाले गावातला कारखाना, ६४ हे पत्र्याचं माप, आत ५६-५७ चं डोकं बसायचं, मागचा आकडा पोलादाच्या लॉटचा. थिनर मारलात तर काकांचा रंग जाईलच पण खालचा युद्धातला रंग आणि असलाच तर डावीकडचा गरुडाचा छाप पण जाईल. ऑइलपेंट जुना झाला की पापुद्रे सुटतात, ते लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पातीने हळूहळू उचलत जायचं, सुरुवात मागून, डाव्या बाजूला शेवटी हात लावायचा. महिने लागतील, लागू द्या. आणि नाही काढलात तरी बिघडत नाही. युद्धानंतर जर्मनीतच पोलादाची टंचाई होती तेव्हा अशा हेल्मेटांना भोकं पाडून चाळण्या केल्या आणि दांडा लावून शेणखताच्या टाकीतलं पाणी उपसायचे डोयले केले, ते पण आता लोक जमवतात. शेंगा मोजणारं आणि कारगिल बघितलेलं हेल्मेट दुसऱ्या कोणाकडे नसेल. माझ्या मते चंदेरी राहू द्या.
नाव मात्र वाचायचा प्रयत्न करा, तिरपा प्रकाश टाकून फोटो काढा. आणि विकू नका, आजोबांच्या नोकरीचे कागद असतील तर हेल्मेटाबरोबरच ठेवा. कागदाशिवाय ते थाले कारखान्यातलं एक हेल्मेट आहे, अशी लाखो निघाली.

स्पष्टबोल्या:
मला हा छंदच पटत नाही पण ते जाऊ दे. एक मात्र सांगतो, ओळखबिल्ले घेऊ नका. जर्मन सैनिकाच्या गळ्यात लंबगोल बिल्ला असायचा, मधोमध रेषेवर भोकं. माणूस मेला की अर्धा मोडून कळवायला न्यायचे आणि अर्धा प्रेताबरोबर राहायचा. आता विचार करा, मातीतून निघालेला अख्खा बिल्ला म्हणजे काय? म्हणजे तो मोडायला कोणी आलंच नाही, तो माणूस अजून बेपत्ता आहे आणि तो बिल्ला हीच त्याची एकमेव ओळख होती. पूर्वेकडे रशिया-लाटव्हियात रात्री खणून हे विकणारे लोक आहेत, हाडं तिथेच टाकतात. फोल्क्सबुंड ही संस्था आजही दरवर्षी हजारो जर्मन सैनिकांचे अवशेष शोधून नीट पुरते, त्यांचं काम हे लोक कायमचं बिघडवतात. फ्रान्समध्ये परवानगीशिवाय अशा वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर फिरवणं बेकायदा आहे, तरी चालतं. तुम्ही वीस युरो दिलेत की पुढचा खड्डा तुमच्या पैशाने.

चामडंपितळ:
स्पष्टबोल्यांशी शंभर टक्के सहमत, छंद पटत नाही हे सोडून. गंजलेलं, मातीतून काढलेलं काही घेत नाही मी.

नेकरकाठचा:
शनिवारी जाऊन आलो. डावीकडचं कोकार्ड काळं-पांढरं-काळं!! म्हणजे चिन्ह वुर्टेम्बर्गचं आणि बिल्ला प्रशियाचा. आतून दोन्ही छज्जे काळे, शिक्का एकही नाही, चिन्हामागे चकचकीत नट. विचारलं तर म्हणतो आजोबा मधे प्रशियात बदलून गेले होते 😂 मी हसून पुढे गेलो. पण हात रिकामे नाही आले, शेजारच्या बाईंकडे पहिल्या महायुद्धातला एक मिलिटेरपास (सैनिकाच्या नोकरीची नोंदपुस्तिका) होता, २५ युरोत घेतला. नाव आहे, जन्मतारीख आहे, वुर्टेम्बर्गच्या पायदळ रेजिमेंटचा शिक्का आहे, बाकी सगळं त्या जुन्या वळणदार कुर्रेंट लिपीत, माझ्या ऑफिसातल्या जर्मन लोकांना पण वाचता येईना.

चामडंपितळ:
वा! हेल्मेटापेक्षा चांगली सुरुवात केलीत, आणि नशीबवान पण आहात, का ते सांगतो. प्रशियन सैनिक असता तर पुढे जवळजवळ भिंत होती, कारण प्रशियन लष्कराचे कागद पॉट्सडॅमला होते आणि एप्रिल १९४५ च्या बाँबहल्ल्यात बहुतेक सगळे जळाले. बव्हेरियाचे म्युनिकला वाचले, आणि वुर्टेम्बर्गचे तुमच्या श्टुटगार्टच्याच हाउप्टश्टाट्सआर्काइव्हमध्ये (राज्याचं सरकारी दप्तरखानं) आहेत. तिथे रेजिमेंटवार 'क्रीग्सश्टामरोलन' म्हणजे सैनिकांच्या नोंदवह्या आहेत, नाव आणि रेजिमेंट आहे म्हटल्यावर तुमचा माणूस सापडायची चांगली शक्यता आहे, कुठल्या लढाईत होता, कधी जखमी झाला, सगळं. शिवाय 'फेरलुस्टलिस्टन' म्हणजे मृत-जखमी-बेपत्तांच्या छापील याद्या ऑनलाइन शोधता येतात, तिथून सुरुवात करा, फुकट आहे. दुसऱ्या महायुद्धातला कोणी असेल तर बर्लिनला बुंडेसआर्काइव्हकडे (देशाचं सरकारी दप्तरखानं) विचारायचं, अमोलदादा तुम्हाला पण हे लागू, पण नुसत्या नावावर काम होणार नाही, जन्मतारीख किंवा बिल्ल्याचा नंबर लागतो.
कुर्रेंट वाचायला सोपी आहे. आपली मोडी बघून जसं आधी सगळ्या शेवयाच वाटतात तसं वाटतं, पण अक्षरांचा तक्ता समोर ठेवून रोज एक पान काढलंत की डोळा बसतो. पासातले रकाने छापील आहेत त्यामुळे काय लिहिलेलं असणार याचा अंदाज येतो. लढायांची यादी असेल तर तिथून सुरू करा, गावांची नावं नकाशावर पडताळता येतात.
पुण्याला न्यायचं म्हणाल तर हेल्मेट-कागदाला फारसा त्रास नाही, बिल जवळ ठेवा. पण शंभर वर्षांवरची वस्तू आपल्याकडे १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू धरली जाऊ शकते, मग परत बाहेर न्यायची म्हटली की कटकट. संगीन मात्र नेऊ नका, ती आर्म्स अ‍ॅक्टमध्ये येते.

अमोल_सातारा:
थिनर काकांना परत दिला. नाव वाचलं थोडं, शेवटी 'मान' आहे, पहिलं अक्षर एच किंवा के. काका म्हणतायत यंदा देखाव्यात हेल्मेट परत पाहिजे.

खंदकमास्तर:
देऊ नका. फोटोची प्रिंट द्या त्यांना. आणि अक्षराचा क्लोजअप मला पाठवा, एच आणि के लिहायची त्यांची तऱ्हा जरा वेगळी आहे, बघून सांगतो.